घाटात काही होत नाही

इंजिन सुरू आहे आणि मिस्त्री काहीच करत नाहीत. बॉनेट उघडं आहे, त्यांचे हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित कललेली, नजर रस्त्यापलीकडच्या उसावर. हातात पाना नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही. १९८६ सालची मार्क फोर अ‍ॅम्बॅसिडर त्यांच्यासमोर स्लोला चालते आहे. एकसारखी, न अडखळता.

सरांना हे सहन होत नाही. "आता बघा, काहीच करत नाही! काल पाचवडहून येताना पन्नास झटके मारले असतील हिने."

"करंल," मिस्त्री म्हणतात. "जरा रेस द्या."

सर दारातून वाकून हातानेच अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. आवाज चढतो, पत्र्याच्या शेडमध्ये घुमतो. मिस्त्री बोटाने खूण करतात, तिथेच धरा. मिनिट जातं, दोन जातात. मग अचानक एकच ठोका चुकतो, सायलेन्सरमध्ये फट्‌ असा आवाज येतो, आणि इंजिन लगेच सावरतं. सर विजयी चेहऱ्याने बाहेर येतात. मिस्त्री पुन्हा रेस द्यायला लावतात. या वेळी कितीही थांबलं तरी काही होत नाही.

वाईहून सुरूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे गॅरेज म्हणजे एक शेड, एक खड्डा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. मी सरांचा विद्यार्थी, आज सोबत आलो आहे. ही गाडी सरांच्या वडिलांनी नवी घेतलेली. हिचं मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये. बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत बनत राहिली. इंजिन १४८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. स्कॅनर लावायला हिच्यात जागाच नाही. काय दुखतंय ते ती फक्त आवाजातून आणि चालीतून सांगते, आणि ते ऐकणारा माणूस लागतो. मिस्त्री उमेदवारीत पाचगणीच्या अ‍ॅम्बॅसिडर टॅक्सींवर शिकले. त्या टॅक्सी गेल्या, मिस्त्री अजून आहेत.

दुखणं असं की गाडी मिसिंग करते, पण लहर लागेल तेव्हा. सिलिंडरमध्ये ठिणगी पडायच्या क्षणी पडली नाही, की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण न पेटता तसंच सायलेन्सरकडे जातं, गाडीचा जोर क्षणभर तुटतो आणि आतल्या माणसाला झटका बसतो. कायम मिसिंग करणारी गाडी कुणीही दुरुस्त करतो. जी गॅरेजच्या दारात शिरताच बरी होते, तिच्यावर पैसे जातात. सरांचे गेले आहेत. दोन-तीन ठिकाणी गाडी दाखवून झाली आहे आणि प्रत्येकाने काहीतरी बदललं आहे.

"काढलेलं सामान ठेवलंय का?" मिस्त्री विचारतात.

सर डिकीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणतात. शिक्षकाची शिस्त, प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळलेली, वर तारीख. कॉईल, कंडेन्सर, पॉइंटचा जोड, रोटर, डेल्कोची कॅप, चार प्लग. मिस्त्री डब्यासमोर मांडी घालतात आणि एकेक पुडी उघडतात. चारही प्लग ओळीने फरशीवर ठेवतात. चारहींची टोकं कोरडी, फिकट तपकिरी.

"बारक्या, हिकडं ये. काय दिसतंय?"

हाताखालचा पोरगा वाकून बघतो. "चारीबी सारखंच हायत."

"मग?"

पोरगा गप्प. मिस्त्री घाई करत नाहीत. मग स्वतःच सांगतात. एकाच सिलिंडरचं दुखणं असतं तर एकच प्लग काळा किंवा ओला निघाला असता. चारही सारखे, म्हणजे चोर चौघांच्या घरात नाही, चौघांना करंट वाटला जातो त्याच्या अलीकडे आहे. खात्रीसाठी ते चालू इंजिनवर लाकडी चिमट्याने एकेका प्लगची वायर उचलतात. वायर उचलली की इंजिन लंगडतं, बसवली की सावरतं. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. पेटण्याचा क्रम तोच आहे, आणि मिस्त्रींचा हातही त्याच क्रमाने फिरतो. चारही वेळा लंगडणं सारखंच.

"कार्बोरेटर दोनदा धुऊन झालाय," सर सांगतात. "टाकी उतरवून साफ केली. सगळे म्हणतात, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुन्या गाड्यांना ते सोसत नाही."

"जुन्या रबरी नळ्यांना सोसत न्हाई, ते खरंय. मीच कितीक बदलल्यात. पण तो तरास येगळा." मिस्त्री उठतात, हात पुसतात. "सर, मला एक सांगा. ही मिसिंग कवा करत न्हाई?"

सरांना प्रश्न कळत नाही. मलाही क्षणभर कळत नाही. आतापर्यंत प्रत्येकाने विचारलं ते, कधी करते? थंड असताना की तापल्यावर? पावसात की उन्हात? सर ते सगळं वहीत लिहून आणलेलं सांगायला लागतात. मिस्त्री ऐकून घेतात आणि पुन्हा तेच विचारतात. "हे झालं कवा करते त्ये. कवा करत न्हाई?"

सर विचार करतात. "घाटात," ते हळूच म्हणतात. "पसरणीचा घाट चढताना काही होत नाही. एकदम खणखणीत चढते. उतरतानाही नाही. खाली सपाटीला लागली की पाचेक मिनिटांत सुरू होतं."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलतं. "पाय पूर्ण दाबलेला असतोय तवा ठीक. आन पाय हलका असतोय तवा मारती."

"हो. हो, अगदी तसंच."

मला वाटतं, दुरुस्ती इथेच निम्मी झाली आहे. चढावर इंजिनला सगळ्यांत जास्त पेट्रोल लागतं. पंप अशक्त असेल, नळीत कचरा असेल, तर गाडी घाटात रडली असती. चढावर सिलिंडरमध्ये दाबही जास्त असतो, आणि जास्त दाबात ठिणगी पाडायला जास्त जोर लागतो. कॉईल दुबळी असेल, प्लगच्या वायरीतून करंट गळत असेल, तर तेही घाटातच उघडं पडलं असतं. जिथे सगळ्यांत अवघड काम आहे तिथे ही गाडी निर्दोष चालते. डब्यातलं जवळजवळ सगळं सामान त्या एका उत्तराने निरपराध ठरतं. ते बदलायच्या आधी हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता, असं मला तीव्रतेने वाटतं. सुटे भाग बदलत जाणं म्हणजे निदान नव्हे. त्यात सापडलं तरी काय सापडलं ते कळत नाही.

मिस्त्री मात्र अजून काहीच खोलत नाहीत. ते एक लांब वायर घेतात, तिच्या टोकाला बाराव्होल्टी छोटा दिवा लावतात. दुसरं टोक कॉईलवर, स्विचकडून लाइन येते त्या बाजूला. वायर बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून खिडकीतून आत घेतात. दिव्याची अर्थ गाडीच्या सीटखालच्या पत्र्याला.

"पाव्हणं, तुमी मागं बसा. ह्यो दिवा हाताच्या ओंजळीत धरा, ऊन लागू देऊ नका. नजर हलवायची न्हाई. झटका बसला की दिवा गेला का ऱ्हायला, तेवढंच सांगायचं."

आम्ही निघतो. सर चालवतात, शेजारी मिस्त्री, बारक्या माझ्या बाजूला. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद, रस्त्यावर जुन्या वडांची सावली तुकड्यातुकड्याने येते. मला यातलं फारसं दिसत नाही, मी ओंजळीतला दिवा बघतो आहे. गाडी पन्नासच्या वेगाला स्थिर होते. सरांचा पाय हलका. आणि झटका बसतो. धप्प. लगेच दुसरा. मागे सायलेन्सरमध्ये फटाका. दिवा स्थिर आहे.

"ऱ्हायला?"

"राहिला."

"पाय दाबा, सर." सर दाबतात. गाडी गुरगुरत पुढे झेपावते, एकही झटका नाही. "आता सोडा थोडा." सुटतो, आणि पुन्हा धप्प, धप्प. दिवा जळतोच आहे.

म्हणजे बॅटरीपासून किल्लीपर्यंत आणि किल्लीपासून कॉईलपर्यंत लाइन शाबूत आहे. स्विच सुटला, त्याची वायरिंगही सुटली. शिवाय झटका कसा बसतो तेही मिस्त्री सांगतात. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू मरगळते, घुटमळते. ही एकदम तुटते आणि एकदम जोडली जाते. "ह्ये करंटचंच काम हाय."

सुरूरच्या अलीकडे एका वडाखाली गाडी थांबते. आता मिस्त्री बॉनेट उघडतात आणि डेल्कोच्या कुशीतल्या पत्र्याच्या डबीला जोडलेली बारीक नळी उपसून काढतात. ही नळी कार्बोरेटरकडून येते. कार्बोरेटरकडच्या तोंडात ते खिशातला एक स्क्रू घट्ट बसवतात. एवढंच. "चला माघारी."

परतीच्या रस्त्यावर तोच वेग, तोच हलका पाय. गाडी सरळ चालते. खड्डा येतो, वळण येतं, सर मुद्दाम पाय सोडतात, धरतात. काही नाही. बारक्या माझ्याकडे बघून हसतो. सरांना आनंद आवरत नाही. "मग मिस्त्री, ही नळी काढूनच टाकू या की!"

"न्हाई," मिस्त्री ठामपणे म्हणतात. "ती काय उगा दिलेली न्हाई."

हा नकार मला फार मोलाचा वाटतो. अशी नळी कायमची बंद करून गाडी मालकाच्या हाती देणारे कमी नाहीत. गाडी झटके मारत नाही, मालक खूश. पण मग सपाटीवर ती सुस्त होते आणि पेट्रोल जास्त पिते, कारण तिचं एक काम थांबलेलं असतं. ते काम समजून घेण्यासारखं आहे.

डेल्को म्हणजे ठिणगी वाटणारा. त्याच्या मधोमध चार कोनांचा कॅम फिरतो, इंजिनाच्या निम्म्या वेगाने. त्याला टेकलेले पॉइंट प्रत्येक कोनाबरोबर उघडतात. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉईलमधून करंट वाहतो. उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉईलमध्ये बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. ते रोटरवरून, कॅपमधून, त्या त्या प्लगला जातात. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला चार हजार ठिणग्या, सेकंदाला साठाहून जास्त. पण ठिणगी नेमकी कधी पडावी हे ठरलेलं नसतं. पाय हलका असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरलेलं असतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी जरा आधी पडायला हवी. ती नळी हेच करते. पाय हलका असताना कार्बोरेटरमधली ओढ नळीतून डबीतल्या पडद्याला खेचते, पडदा डेल्कोतल्या प्लेटला खेचतो, आणि प्लेटवर बसलेले पॉइंट थोडे फिरतात. पाय पूर्ण दाबला की ओढ संपते, प्लेट मूळ जागी येते. घाट उतरताना पाय वर असतो, तेव्हाही नळीत ओढ नसते. सरांनी वहीत लिहिलं नव्हतं, पण गाडीने ते रोज सांगितलं होतं: प्लेट सरकली की मिसिंग, प्लेट जागेवर असली की नाही.

गॅरेजमध्ये परत आल्यावर मिस्त्री कॅपच्या दोन्ही क्लिपा उघडतात, रोटर उपसतात. आता प्लेट समोर आहे. ते डबीला नळीचा एक तुकडा लावून त्याचं दुसरं टोक तोंडात धरतात आणि ओढ घेतात. प्लेट पुसटशी फिरते, इतकी कमी की लक्ष नसेल तर दिसणार नाही. ते नळीच्या टोकावर जीभ दाबून थांबतात. प्लेट तशीच राहते.

"पडदा चांगला हाय. फाटला असता तर प्लेट परत आली असती."

बारक्याला सगळ्यांत पुढे उभं केलं आहे. त्याच्या हातात स्टार्टिंग हँडल. अ‍ॅम्बॅसिडरला अजून हँडल लागतं, आणि आज त्याचा उपयोग आहे. मिस्त्री पॉइंटवर नजर ठेवून सांगतात, "फिरव. अजून. हळू. बस!" पॉइंट पूर्ण मिटले आहेत. नुसते मिटलेले नाहीत, कॅमच्या सपाट बाजूच्या मधोमध आहेत. प्लेट थोडी सरकली तरी उघडणार नाहीत, एवढी जागा दोन्हीकडे ठेवली आहे. ही बारीक गोष्ट कुणी केली नसती, तर पुढची परीक्षा खोटी ठरली असती.

मग तोच दिवा, पण या वेळी कॉईलच्या दुसऱ्या टोकाला, डेल्कोकडे जाणाऱ्या. किल्ली चालू. दिवा विझलेला. बरोबर आहे, पॉइंट मिटलेले, करंट त्यांच्यातून सरळ अर्थला जातो, दिव्याच्या वाट्याला काही येत नाही.

"आता बगा."

मिस्त्री ओढ घेतात. प्लेट सरकते. पॉइंट मिटलेलेच आहेत, मी वाकून स्वतः बघतो. आणि दिवा लागतो.

सर काही बोलत नाहीत. मिस्त्री ओढ सोडतात, दिवा विझतो. घेतात, लागतो. तिसऱ्यांदा लागत नाही. चौथ्यांदा लुकलुकतो. लहर म्हणजे काय ते आता डोळ्यांसमोर आहे.

डेल्कोच्या अंगावरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक छोटी वायर जाते. जेमतेम बोटाएवढी, वर सुताचं वेष्टन. प्लेट सरकते तशी ती दर वेळी थोडी वाकते. १९८६ पासून वाकते आहे. पॉइंट बदलणाऱ्यांनी तिला नव्या पॉइंटला पुन्हा पुन्हा जोडलं, कारण ती डेल्कोची, पॉइंटच्या पुडीत येत नाही. वरून धडधाकट दिसते. मिस्त्री एक सुटा तुकडा घेऊन टर्मिनल आणि पॉइंट तात्पुरते जोडतात आणि पुन्हा ओढ घेतात. दिवा विझलेलाच राहतो. घेतात, सोडतात, घेतात. विझलेलाच.

आता कुठे पहिल्यांदा पाना हातात येतो. वायर सोडवून ते ब्लेडने सुताचं वेष्टन उभं चिरतात. आत तांब्याच्या तारा आहेत, काळपटलेल्या, आणि एका जागी जवळपास सगळ्या तुटलेल्या. टोकं एकमेकांना टेकून उभी आहेत. सैल सोडली की टेकतात, ताणली की सुटतात. बारक्या ती तळहातावर घेतो, ताणून बघतो, सोडून बघतो. मग न सांगता मलाही दाखवतो.

नवी वायर अशी कुठलीही चालत नाही. जाड तारेची घातली तर कडक पडते, प्लेटला सरकू देत नाही आणि महिन्याभरात पुन्हा तुटते. मिस्त्री एका जुन्या मीटरच्या प्रोबची वायर काढतात. तिच्यात केसासारख्या बारीक तारा भरपूर असतात, ती हवी तशी मुरडते. टोकं झाळतात, वर स्लीव्ह चढवतात, टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत थोडा झोळ ठेवून बसवतात. ओढ घेऊन बघतात, वायर कुठे घासते का, कॅमला लागते का. शेजारीच प्लेटची अर्थ वायर आहे, तीही त्याच वयाची. तिला आज काही झालेलं नाही, तरी ते तीही बदलतात. पॉइंटचं अंतर फिलर गेजने पुन्हा लावतात. "पंधरा थाऊ," म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, ते बारक्याला सांगतात. "पत्ती अडकायबी नगं आन हलायबी नगं." कॅमला बोटाने किंचित ग्रीस.

"आता जुनी कॉईल लावू का परत?" ते सरांना विचारतात. "ती चांगली हाय. कंडेन्सरबी जुनाच चांगला. हल्ली नवीन येतात त्ये टिकत न्हाईत. नवं सामान डब्यात ऱ्हाऊ द्या, कवा लागलं तर."

सर मान हलवतात. ते पुड्यांवरच्या तारखा खोडून नवीन लिहायला बसतात आणि मिस्त्री जुनी कॉईल पुसून जागेवर चढवतात. नळीतला स्क्रू काढून नळी डबीला जोडली जाते. किल्ली. इंजिन पहिल्या अर्ध्या फेऱ्यात उचलतं.

पुन्हा तोच रस्ता, तेच वड. पन्नासचा वेग, हलका पाय. सर पुढच्या झटक्याच्या धास्तीने स्टिअरिंग घट्ट धरून बसले आहेत, आणि तो येत नाही. सुरूर फाट्याला वळसा घेऊन आम्ही माघारी फिरतो. सर हळूहळू पाठ टेकतात. वेग साठावर जातो, परत पन्नासवर येतो.

मिस्त्री काच खाली घेऊन कान बाहेर काढतात.

"काय झालं?" सर दचकतात.

"टॅपेट वाजतोय एक. मघा मिसिंगमदी ऐकू येत नव्हता." ते काच वर घेतात. "आयतवारी घेऊन या. कव्हर उघडून बगू."